तिबूकाकांच्या घराचे खांब

लिस्बनलगतच्या टेकडीवर, समुद्रापलीकडून पोटासाठी आलेल्या आम्हा लोकांच्या वस्तीत, घर बांधायची रीत ठरलेली. आधी फळ्यांची खोपटी. मग जमेल तसतशा तिच्याभोवती विटांच्या भिंती चढवायच्या, आणि रविवारी सगळ्या आळीनं मिळून वर स्लॅब टाकला की आतली खोपटी मोडून फळ्या दारातून बाहेर काढायच्या. तिबूकाकांनी अशी एकवीस घरं उभी केली. माणसं राबायची आणि मेनाकाकू मका-घेवड्याचा काचुपा ढवळत सगळ्यांवर ओरडायची.

आणि आता काकांचं स्वतःचं घरच धोकादायक म्हणून मोडायच्या यादीत आलं होतं! तपासणीला पालिकेचा तरुण इंजिनिअर आला, दुआर्ते. गल्लीत शिरला तोच बॅग पोटाशी धरून. त्याची ती मोजायची टेप चोरून आम्ही काय लोणचं घालणार होतो?

"मिस्तरी, नकाशा कुठंय?"

काकांनी कपाळावर बोट ठेवलं.

"डोक्यातल्या नकाशावर घर उभं राहत नाही हो."

"सत्तावीस वर्षं राहिलंय की!" काकू फणकारली.

"तू थांब गं जरा," काका म्हणाले. हे घर गेलं तर या वयात कुठं जायचं?

दुआर्तेनं खांबाचं प्लास्टर खरवडलं. सळ्या मोजल्या, परत मोजल्या. "चाराच्या जागी आठ? एवढं लोखंड कोण घालतं?"

"ज्यानं कमी घातलेलं बघितलंय, तो. साहेब, रेल्वेपलीकडच्या त्या पिवळ्या इमारती आहेत ना, तिथं मी कामाला होतो. ठेकेदारानं सिमेंट खाल्लं, लोखंड खाल्लं. माझ्याकडं कागदपत्रं नव्हती. बोललो असतो तर देशाबाहेर हाकललं असतं. तोंड शिवून बसलो. लाज वाटते अजून. म्हणून घरी दुप्पट घातलं."

दुआर्तेचा चेहरा पांढराफटक पडला. "पिवळ्या? टाकीजवळच्या?"

"त्याच."

त्यानं कागदावरचा 'धोकादायक' खोडून 'मजबूत' लिहिलं, खाली सही ठोकली. काकूनं डोळे पुसत ताट वाढलं, पण त्यानं ते बाजूला सारलं.

"काका," तो म्हणाला, मघापासूनचा 'मिस्तरी' कुठल्या कुठे गेला, "मी तिथंच राहतो. दुसऱ्या मजल्यावर. खांबाला भेग गेलीय. माझी मुलगी त्याच खोलीत झोपते. येऊन बघाल?"

काकांनी हातोडी उचलली.

"चल, पोरा. पण आधी घरी फोन लाव. तिला त्या खोलीतून बाहेर काढायला सांग."