आतोबांचे हट्टी कण

गर्दीचा एवढा अभ्यास करून स्वतः गर्दीत हमखास हरवणारा माणूस आमच्या आतोबांखेरीज साऱ्या वर्धा जिल्ह्यात झाला नसेल. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. मी त्यांच्याच हाताखाली प्रयोगशाळेत होतो आणि जेवायला त्यांच्याच घरी, आत्याकडे. हिवाळ्यात आतोबा तुपाच्या बरणीसमोर बसून राहत. पातळ तूप नेमकं कोणत्या क्षणी थिजायचं ठरवतं, हे त्यांना पाहायचं असे. "तूप खायाले असते, पाहाले नाई," म्हणत आत्या बरणी उचलून नेई. आष्टीच्या एका लग्नात तर त्यांनी कहरच केला. सकाळी वेगळे बसलेले दोन्हीकडचे वऱ्हाडी दुपारपर्यंत असे मिसळले की कोण कुणाकडचं कळेना. फक्त नवरदेवाचा रुसलेला मामा खांबाला टेकून एकटा उभा. सगळे त्याची समजूत काढत होते, आणि आतोबा हात जोडून म्हणाले, "मामा, तुम्ही रुसूनच राहा. मले तुमचं फार काम आहे." मामा तडक मांडवाबाहेर पडला.

हसू येतं, पण त्यातच त्यांचा जन्माचा प्रश्न होता. असंख्य कण एकमेकांवर आदळत राहिले की ऊब सगळीकडे सारखी होते आणि आधी कोण गरम, कोण गार, हे पुसलं जातं. आतोबांचं म्हणणं, अणूंच्या जगात असं नेहमीच होत नाही. मांडणी पुरेशी वेडीवाकडी असली तर कण त्या रुसलेल्या मामासारखे अडून राहतात, आपलं मूळ विसरत नाहीत. वेडेवाकडेपणा जरा कमी केला, की तूप थिजावं तसे एकाएकी सगळे विसरू लागतात. गणित जवळपास झालं होतं. पण एखाद्या जाणत्या माणसाशी समोरासमोर भांडल्याशिवाय छापायचं नाही, आणि भांडण काही टपालानं होत नाही, हा त्यांचा हेका.

असा एक परदेशी प्राध्यापक एकदा नागपूरला आला. व्याख्यानानंतर भेटू, असं त्यानं आतोबांना कळवलंही होतं. आम्ही दोघं निघालो, आत्याही सोबत आली. वाटेत केळझर, त्यात चतुर्थी. "एवढ्या मोठ्या कामाले चालले, अन् गणपतीले न भेटता कसं जाता?" असं म्हणून तिनं आम्हाला प्रवासी मोटारीतून उतरवलं. दर्शन झालं, पण मागून येणारी प्रत्येक मोटार भरलेली. आम्ही पोचलो तेव्हा पाहुणा स्टेशनवर गेला होता आणि शिपाई सतरंज्या गुंडाळत होता. आतोबांनी सतरंजीचं दुसरं टोक धरलं. माझा नुसता जळफळाट झाला. आत्या म्हणाली, "गणपतीच्या मनात असन तं थो पुन्हा येते."

तो काही पुन्हा आला नाही. पुढं काही वर्षांनी कॉलेजात एका परदेशी शास्त्रीय मासिकाचा अंक आला. त्यात कुण्या भलत्याच माणसानं जवळजवळ तेच मांडलं होतं. मी तो घेऊन घरी गेलो. आतोबांनी ओसरीवर बसून सगळं वाचलं. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "माझं गणित ज्या पायरीवर अडलं होतं ना, ती कशी सोडवली पाहा यानं." त्यांना खरोखर आनंद झाला होता, आणि मला रडू येत होतं.

आतून आत्यानं विचारलं, "काय वाचून राह्यले?"

"काई नाई, कॉलेजचं आहे." अंक मिटून ते मला हळूच म्हणाले, "तिले सांगू नको. दर चतुर्थीले केळझरले जाते ती, माझ्यासाठी यश मागाले. जाऊ दे तिले."

मी सांगितलं नाही. आतोबा गेल्यावरही आत्या केळझरला जात राहिली. आता काय मागते, हे विचारायचा मला कधी धीर झाला नाही.