खाडीकडचं दार

आमच्या घराचं तोंड खाडीकडे होतं. आता त्याचं हॉटेल झालंय आणि तोंड रस्त्याकडे आहे, म्हणून नवी माणसं म्हणतात की जुन्या लोकांनी घर उलटं बांधलं. उलटं कसलं डोंबल! पणजोबांनी ते बांधलं तेव्हा रस्ता होताच कुठे? मीठ, नारळ, पाहुणे, नवरी, सगळं खाडीतूनच यायचं. भिंतींचे चिरे होडीतून आले. फुटलेल्या गलबताची डोलकाठी आढ्याला घातली, ती अजून आहे, मान वर करून बघा. खाडीसमोर खळं म्हणजे सारवलेलं अंगण, मग लोटा म्हणजे पुढची पडवी, मग फणसाच्या फळ्यांचं दोन झडपांचं दार. नवरी त्याच दारानं आत यायची आणि मेलेलं माणूस त्याच दारानं बाहेर जायचं. मागच्या बाजूला गोठा आणि उकिरडा.

छपरावर जुने नळे, म्हणजे कुंभाराची गोल कौलं होती, पावसात घरभर गळायची. मंगलोरी कौलं आणायची म्हणून काका, बाबांचे धाकटे भाऊ, आमचं गलबत घेऊन दक्षिणेला गेले. मी तेव्हा पाळण्यात होते. ते परत आलेच नाहीत. गलबत नाही, त्याचं फळकूट नाही, निरोप नाही. काकीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती कुंकू लावत राहिली, आणि खाडीकडच्या दाराला तिनं कुणाला अडसर घालू दिला नाही तो नाहीच.

पुढे मागच्या अंगानं मोटाररस्ता आला. एस्टी आमच्या गोठ्यासमोर थांबायला लागली आणि खाडीतला व्यापार बसला. बाबांच्या हाताला काम उरलं नाही. बाजारातल्या एका चहावाल्याला हॉटेलसाठी घर हवं होतं, खाडीकडचं दार बुजवून. पण ज्या घरातल्या माणसाचं क्रियाकर्म झालेलं नाही तिथे मी चूल मांडणार नाही, असं तो म्हणाला. काकांना जाऊन बारा वर्षं उलटली होती. भटजींनी सांगितलं, बेपत्ता माणसाचा आता पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा, की तो सुटला. कोण सुटलं कोण जाणे!

काकी जन्मात बाबांशी बोलली नव्हती. थोरल्या दिराशी बोलायची आमच्यात रीतच नव्हती. त्या दिवशी मात्र ती माजघरातून बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"घर देवा. पण ह्यां दार बुजव नकात. तेंका रस्त्यावरची वाट खंय ठावक आसा?"

बाबा खाली बघत राहिले. हो नाही, नाही नाही. मला त्यांचा असा संताप आला की तो अजून पुरता गेलेला नाही.

पुतळा त्याच दारानं बाहेर गेला. बायकांनी काकीचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. पाल्यापाचोळ्यासाठी पुसलं गो, एवढंच ती मला नंतर म्हणाली. महिन्याभरात गवंडी आले. खाडीचा वारा चुली विझवतो आणि तिकडून गिऱ्हाईक येतंय कुठे, असं चहावाल्याचं म्हणणं. दाराच्या जागी चिरे चढले. लोट्यात फळ्या मारून मुक्कामाच्या खोल्या झाल्या, गोठ्याच्या जागी गल्ला आणि बाकडी आली. छपरावर मंगलोरी कौलंसुद्धा आली हो! ट्रकमधून, रस्त्यानं, एका दुपारी. काकी मोरीवर भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

बाबांनी स्वयंपाकघरालगतच्या दोन खोल्या आमच्यासाठी राखल्या होत्या. काकी हॉटेलात रांधायला लागली. आपल्याच चुलीवर परक्यांचं कालवण, यापेक्षा माणसाचं आणखी काय व्हायचं राहतं? खाडीकडचं खळं आता मागची बाजू झालं, तिथे नारळाच्या करवंट्या नि माशांची खवलं पडायची. काकी रोज सकाळी ती उचलायची आणि बुजवलेल्या दारापुढे शेणानं सारवायची. गिऱ्हाइकं हसत. मी लग्न होऊन सावंतवाडीला गेले. माहेरी आले की सांगायची, काकी, पुरे गो आता. ऐकेल तर ती काकी कसली!

एकदा मी आलेली असतानाच, काकी सकाळी सारवून आत आली, चुलीपुढे बसली आणि पुन्हा उठलीच नाही. तिला न्यायची वेळ झाली ती नेमकी जेवणाची. पुढे माणसं जेवतायत, मोरीच्या दारानं काढा, म्हणून हॉटेलवाल्यानं हात जोडले. आम्ही तशीच काढली. मसणवट खाडीच्या काठाला, म्हणून घराला वळसा घालून खळ्यात यावं लागलं. तिचं सारवण अजून पुरतं वाळलं नव्हतं.

तिथे बाबांनी खांदेकऱ्यांना थांबवलं आणि तिरडी त्या भिंतीपुढे खाली ठेवायला लावली. एक हात चिऱ्यांवर टेकून ते वाकले आणि जन्मात पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

"नाय गो. तेका रस्त्यावरची वाट ठावक नाय."

एवढं एक वाक्य त्यांनी ती ऐकत असताना बोलायचं होतं.