बहिणीपेक्षा एक पायरी वरचा कॉम्प्युटर

एकोडीला नात्यातल्या एका मुलीच्या हळदीला गेले होते. मांडवात स्पीकरवर हळदीची गाणी लावलेली. दुसरं गाणं सुरू झालं आणि माझा हात ताटातच थांबला. आवाज माझ्या लहान बहिणीचा होता.

"तुह्या बहिणीनं घरीच रेकॉर्ड केलं म्हणते," शेजारी जेवायला बसलेली चुलत सासू म्हणाली. "आता सगळ्याइच्या मोबाईलवर हाय. तू नाही म्हणत का वो गाणं?"

मी नाही म्हणत का! आमच्या घरातली गाणारी मी होते. बाबा भजन मंडळात पेटी वाजवायचे. मला ते पेटीजवळ पुढे बसवायचे आणि ही धाकटी झांजा घेऊन बायकांच्या मागे बसायची. शाळेच्या गॅदरिंगमधलं बक्षीसही दरवर्षी माझंच. पुढे मी शिक्षिका झाले, लग्न करून सानगडीला आले, आणि गाणं परिपाठाच्या प्रार्थनेपुरतं उरलं. ती जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये गेली आणि तिथे बसून गाणारी झाली.

हे काही मी चुलत सासूला सांगितलं नाही. "म्हणते ना कधी कधी," एवढं बोलले आणि भातात वरण कालवत राहिले. त्या दिवशीचं जेवण मला आठवत नाही. तिची एकामागून एक लागलेली सातही गाणी मात्र आठवतात.

पुढच्या रविवारी मी जवाहरनगरला गेले. सहज आले म्हणून सांगितलं. तिनं मागच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर मांडला होता. शेजारी माइक, आणि माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारी एक लहानशी लाल पेटी.

"विकत घेतला?" मी विचारलं.

"सुटे पार्ट आणले आन् मीच जोडला. व्हिडिओ पाहून पाहून." ती हसली. "सोपं असते ताई. सगळं आपापल्या जागीच बसते."

ती चहा ठेवायला गेली. कपाटावर पार्टचे रिकामे खोके रचून ठेवले होते. मी मोबाईल काढला आणि एकेका खोक्याचा फोटो घेतला. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, सगळ्याचे. सख्ख्या बहिणीच्या घरी मी चोरासारखी उभी होते आणि कान स्वयंपाकघराकडे लागले होते. चहा घेताना तिनं नवीन गाणं ऐकवलं. "छान आहे," मी म्हटलं. वरच्या सुराला तिचा आवाज जरा कापतो का, तेवढंच मी ऐकत होते. तो कापला नाही.

घरी येऊन वहीत यादी केली. तिच्या प्रत्येक पार्टसमोर त्याच्याहून एक पायरी वरचा लिहिला. तिची रॅम सोळा जीबी, तर माझी बत्तीस. मला ते कशाला लागणार होतं, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. नागपूरच्या दुकानात वही पुढे केली तेव्हा दुकानदारानं आधी यादी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, गेम खेळाले पाहिजे का?"

"गाणी रेकॉर्ड करायला."

"मंग ग्राफिक्स कार्ड कायले घेता? या प्रोसेसरमधीच तेवढं हाय. उलट त्याचे पंखे आवाज करतीन."

बहिणीकडे ग्राफिक्स कार्ड नव्हतं. "असू द्या," मी म्हटलं. मी तीन पंख्यांचं घेतलं. कॅबिनेटही काचेचं, आत रंगीत दिवे लागणारं.

आमच्या घरी धानाच्या पोत्यांची एक खोली आहे. तिथून मी सगळी पोती ओसरीवर काढायला लावली, भिंतींना पांढरा रंग दिला आणि टेबल मांडलं. पोती उचलताना हे एकदाच बोलले, "स्टुडिओ होऊन राहिला वाट्टे आपल्या घरी."

जोडणीला दोन संध्याकाळी लागल्या. प्रोसेसर बसवताना श्वास रोखून धरला होता. रॅम बसताना जो टक आवाज आला, तो अजून कानात आहे. शेवटी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळीच. पुन्हा सगळं काढून बसवलं. तरी काळीच. तिनं एकटीनं जोडला होता, म्हणजे मलाही जमलंच पाहिजे, या हट्टानं मी आठवडाभर तिला फोन केला नाही. शेवटी फोन यांनीच केला, मला न विचारता.

ती सकाळच्या बसनं आली. तिला पाहून मला इतका राग आला की पाणी द्यायचंही भान राहिलं नाही. तिनं काच काढली, मोबाईलच्या टॉर्चनं आत पाहिलं आणि वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"प्रोसेसरच्या करंटची ही वायर राह्यली ना ताई. माह्यी पण हेच राह्यली होती. मी तर रडली होती."

वायर बसली आणि स्क्रीन उजळली. मग तिनं माइक लावला, हेडफोन कानाला लावले आणि तोंड वाकडं केलं. पंख्यांची घरघर ऐकू येत होती. रिकाम्या खोलीत आवाजही घुमत होता.

"हे कार्ड काढू?"

"काढ," मी म्हटलं.

"आन् इथं काय होतं पहिले?"

"धानाची पोती."

"ते आणा आत! पोत्याइनं आवाज दबते. माह्या क्वार्टरात गोधड्या टांगा लागतात भिंतीले. तुह्याकडं तर आयतंच होतं."

यांनी निमूटपणे पोती पुन्हा आत रचली. पांढऱ्या भिंती झाकल्या गेल्या. घरघर गेली होती, घुमणंही गेलं होतं. पहिली मी गायले. बाबांचं आवडतं भजन, एकही ओळ न चुकता. मग तिनं ते लावून मला हेडफोन दिले.

तोवर मी माझा आवाज कधी असा ऐकला नव्हता. सूर बरोबर होते. पण आवाज जड झाला होता, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दम लागल्याचं कळत होतं. शाळेत ओरडून ओरडून थकलेल्या बाईचा तो आवाज होता. बहीण पलीकडे बघत बसली. तिला काही बोलता आलं असतं, पण ती बोलली नाही. ते मला बोलण्याहून जास्त लागलं.

"तू म्हण," मी म्हटलं.

"मी कायले? तुह्या कॉम्प्युटरवर पहिला दिवस तुहा."

"म्हण ना."

आमची आई धानाच्या रोवणीत चिखलात वाकून जे गाणं म्हणायची, ते ती उभ्यानंच गायली. तेही फक्त माइक पाहायला, चार ओळी. मध्ये एक शब्द विसरली आणि हसली. मी हेडफोन लावून बसले होते. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा चूक न शोधता ऐकला. ती माझ्याहून चांगली गाते. केव्हापासून, ते मला माहीत नाही. कदाचित मागे झांजा वाजवत होती तेव्हापासूनच.

संध्याकाळी तिला साकोलीच्या बसमध्ये बसवून आले, पुढची बस तिला तिथून मिळणार होती. खोक्यांच्या त्या फोटोंबद्दल मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आता मी रोज शाळेआधी अर्धा तास रियाज करते. दम थोडा पुरतो. दोन भजनं रेकॉर्ड केली, ती तिनंच सगळीकडे पाठवली. तिचं नवीन गाणं आलं की पोटात अजून काहीतरी जळतं, ते काही गेलेलं नाही. फक्त आता मी ते गाणं शेवटपर्यंत ऐकते. आणि माझ्या त्या भारी कॉम्प्युटरवर आजवर जे रेकॉर्ड झालंय, त्यातलं सगळ्यात चांगलं म्हणजे तिच्या त्या चार ओळी. हसण्यासकट.