उताराच्या अलीकडची दहा मिनिटं

खोपोलीच्या शिळफाट्यावर भाड्याची मोटार चालवणाऱ्या लडकूला लोक मिस्त्री म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. शाळेत तो दुसऱ्या इयत्तेपलीकडे गेला नव्हता, पण गाडीच्या पोटात काय बिघडलंय ते कानाने ओळखी. दोष एकच. आपल्या हातचं काम चुकलं असेल हे त्याच्या मनातच येत नसे. रेडिएटर गळला तर ऊन कडक, टायर बसला तर रस्ता वाईट.

१९३४ सालच्या एप्रिलात, एका मंगळवारी, नदीपलीकडच्या गावात तो एका भातव्यापाऱ्याला सोडायला गेला होता. तिथे नागू नावाच्या शेतकऱ्याच्या मांडीत बैलाने शिंग खुपसलं. गावकऱ्यांनी मांडी धोतराने आवळून बांधली आणि नागूला मोटारीच्या मागच्या बाकावर आडवं घातलं. त्याची बायको गौराबाई जखमेवर दोन्ही हात दाबून खालच्या फळ्यांवर बसली. दवाखाना खोपोलीला, मध्ये पाताळगंगा. मोटार पाण्यातूनच न्यायची होती.

नदी ओलांडायच्या जागी, उतारावर, सकाळी पाणी गुडघ्याखाली असे. दुपारी वीजघरातून पाणी सुटलं की तासाभरात ते कमरेला लागे, आणि सुटायची वेळ झाली होती.

काठाशी लडकूने वेग कमी केला आणि इंजिनाने पुन्हा तेच केलं. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ते उगाच भरभर फिरे, मग धाप लागल्यासारखं मंद होई, थरथरे आणि बंद पडे. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. पळत्या गाडीला काही होत नव्हतं. पण नदीत गोटे होते. जोरात घातली तर पाणी उडून प्लग भिजणार, हळू घातली तर इंजिन मध्येच मरणार.

"थांबलास का रं?" गौराबाई ओरडली.

"वैनी, पाच मिंटं."

"पाच मिंटं तुज्याकडं असतील. हितं रगत चाललंय!"

लडकूने प्लग काढून पुसले. ठीक होते. कार्बुरेटरची बारीक नळी फुंकून पाहिली. साफ होती. स्क्रू अर्धा आटा फिरवून हँडल मारलं. इंजिन उसळलं आणि पडलं.

"पेट्रोलात भेसळ हाय," तो पुटपुटला.

"व्हय, समद्या जगात भेसळ, तू येकटा खरा!"

नागू आता कण्हतही नव्हता. काठचा एक काळा धोंडा मघाशी कोरडा होता. आता त्याच्याभोवती पाणी फिरत होतं.

लडकूचे हात थांबले. सगळं पाहून झालं होतं, एक जागा सोडून. शनिवारी कार्बुरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यातलं पॅकिंग फाटलं होतं. नवं मिळेना, म्हणून जैतू कातकऱ्याकडून मोहोळाचं मेण घेऊन त्याने सांधा लिंपला होता, आणि "कंपनीला असं जमायचं नाय" म्हणून शिळफाटाभर मिरवलाही होता. तिथे त्याने अजून पाहिलं नव्हतं, कारण ते काम त्याचं स्वतःचं होतं.

त्याने फडकं नदीत बुडवलं, इंजिन चालू केलं आणि सांध्यावर पाणी पिळलं. थेंब आत ओढले गेले, फट क्षणभर बुजली आणि तेवढ्यापुरतं इंजिन एका सुरात चाललं. पुन्हा पिळलं, पुन्हा तेच. वारा इथूनच आत जात होता, आणि मंद इंजिनाला पेट्रोल पुरत नव्हतं. उष्णतेने आणि पेट्रोलने मेण खाल्लं होतं.

"काय झालं?"

लडकूने पाना उचलला. "माजी चूक हाय, वैनी."

"रड नंतर. हात चालव!"

गरम नटांनी बोटं पोळली. त्याने मेण खरवडून काढलं, विडीच्या पुडक्याचा जाड कागद सांध्याच्या मापाने कापला, मध्ये भोक पाडलं. हात धुवायचा साबण ओला करून कागदाच्या दोन्ही बाजूंना चोळला. साबण पेट्रोलात विरघळत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मग शनिवारीच का सुचलं नाही? नट आवळून त्याने हँडल मारलं आणि पाय अजिबात न लावता ऐकलं. चुलीवर भात रटरटावा तसं इंजिन चाललं होतं.

मोटार पाण्यात उतरली. मध्यावर पुढचं चाक गोट्यावर चढलं. लडकूला पाय उचलावाच लागला. इंजिन मंद झालं, आणखी मंद झालं, आणि मेलं नाही. फळ्यांच्या फटींतून पाणी गौराबाईच्या मांड्यांपर्यंत आलं. तिने जखमेवरचे हात हलवले नाहीत.

दवाखान्याच्या दारात लडकूने इंजिन चालूच ठेवलं. पुढे कर्जतला न्यावं लागलं तर? मोटारीच्या बाजूच्या पायरीवर बसून तो इंजिन ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने कंपाउंडर बाहेर आला. "बंद करा ती गाडी. टाके घातलेत. माणूस पाणी मागतोय."

त्याच्यामागून गौराबाई आली. तिच्या कोपरापर्यंत रक्त वाळलं होतं.

"वैनी, दहा मिंटं माज्यापायी गेली," लडकू म्हणाला.

"ठावं हाय मला. तेंना बरं वाटलं की तेंच्याम्होरं सांग." ती भिंतीला टेकली. "आता गावाकडं जा. सासू दारात बसली असंल. जगलाय म्हणून सांग तिला."

"नदी भरली असंल आता. मोटार जायाची नाय."

"मंग चालत जा."

लडकूने विजार वर दुमडली, वहाणा हातात घेतल्या आणि नदीच्या वाटेला लागला.