शोभाताईंना उडवायचं कोणी?

साड्या तपासायच्या टेबलावर हात गुंतलेले असतात, डोळे गुंतलेले असतात. मोकळं राहतं ते फक्त तोंड. त्यामुळे आमच्याकडे गोष्टी साठायला वेळ लागत नाही. सकाळी एकीने सांगितलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिखटमीठ लागून दुप्पट झालेली असते. पण यंदा परदेशी सहलीसाठी कंपनी शोधताना जे जे घडलं, त्याला मी काही लावलेलं नाही. गरजच पडली नाही!

आम्ही सहा जणी सुरतेत, पर्वत पाटियाला एका साडीवाल्याच्या पॅकिंग खात्यात चेकिंगला आहोत. ट्यूबलाइटच्या उजेडात साडी टेबलावरून ओढायची आणि डाग, तुटलेला धागा, बारीक भोक दिसलं की तिथे लाल स्टिकर लावायचा. वीस-वीस वर्षं हेच केल्यावर कुठलीच गोष्ट सरळ बघता येत नाही. सुनेने पोळी वाढली तरी आधी उलटून बघतो!

परदेशाचं खूळ आमच्यातल्या शोभाताईंचं. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, त्यांच्या गच्चीवर आम्ही उंधियू खात बसलो होतो. शोभाताई मुलाच्या पतंगाची फिरकी धरून उभ्या होत्या. एकदम म्हणाल्या, "लग्नाआधी भावाची फिरकी धरली, मग नवऱ्याची, आता पोराची. मला स्वतःला उडायचंय."

आम्हाला वाटलं, पतंग उडवायचाय. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक बाई मोठ्या कापडी छत्रीला स्वतःला बांधून डोंगरावरून थेट हवेत निघाली होती. मागे पायलट बांधलेला. पॅराग्लायडिंग!

मुलगा म्हणाला, "आई, उडायचंच तर इथेच कुठेतरी जवळ उड."

"जवळ उडले तर तू खाली उभा राहून हाका मारशील. परदेशातच जाणार!"

अडचण एकच होती. ज्या कंपनीला विचारावं ती सांगायची, कागदावर साठ पूर्ण झाली की उडवणार नाही. शोभाताईंना कागदावर एक जूनला साठ पूर्ण होत होती. म्हणजे हातात साडेचार महिने, आणि कंपनी पारखायचं काम आमच्यासारख्या संशयी बायकांकडे!

*

पहिली कंपनी कतारगामची. ऑफिसात एसी, भिंतभर फोटो. लाल जॅकेटातली एक हसरी बाई बर्फात, तीच समुद्रावर, तीच जंगलात दोरीला लोंबकळताना.

आमच्या सिंधूबाई अमळनेरकडच्या. आमच्यात नजर सगळ्यात तेज त्यांची. त्या फोटोला नाक लावून उभ्या राहिल्या.

"हिच्या बाहीचा दोरा लोंबतोय. तिन्ही फोटोंत. तीन देश फिरली, पण दोरा कापायला हिला कात्री मिळाली नाही?"

तो माणूस हसला. "मासी, ए तो मॉडल छे."

"मग खरी माणसं कुठं आहेत? परत आली ना?"

त्याने पाणी मागवलं. आम्ही पाणी येण्याआधी उठलो.

*

मग रेखाने बालीचं काढलं. रेखा आमच्यात लहान, सगळी माहिती तिच्या मोबाइलमध्ये. म्हणाली, "बालीला जंगलावर झोका आहे. लांबून लांबून लोक येतात. फार ॲडव्हेंचर!"

व्हिडिओत एक बाई लांब झगा घालून झोका घेत होती. मागून एक माणूस तिला ढकलत होता.

सिंधूबाईंनी दोन वेळा बघितलं. चिडल्या की त्या अहिराणीवर येतात. "हाई काय शे? आखाजीले आपला निंबना झाडले झोका बांधतस, तो काय वाईट शे?"

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात. त्यात कोणाला धाडस दिसत नाही.

"आणि आपल्या झोक्याला मागून ढकलायला पुरुष लागत नाही!" शोभाताई म्हणाल्या.

बाली तिथेच संपलं.

*

तिसऱ्या कंपनीने व्हिएतनामचा चकचकीत कागद दिला. "महाराज साथे छे, बेन! खाण्याचं टेन्शन नहीं लेवानुं!" महाराज म्हणजे सोबत नेलेला आचारी.

रेखाने कागद मोठ्याने वाचला. पहिला दिवस: विमानतळावर थेपले. दुपारी गुजराती थाळी. संध्याकाळी बोटीत खमण. दुसरा दिवस: फाफडा, जलेबी, बाजार. तिसरा दिवस: बाजार, पावभाजी, दांडिया.

शोभाताईंनी कागद उलटून बघितला. "भाऊ, यात उडायचं कुठं आहे?"

"ते ऑप्शनल आहे, मासी. जेवणानंतर."

एवढं जेवल्यावर कोणती छत्री उचलणार होती आम्हाला!

*

चौथ्या कंपनीची गोष्ट मला सांगायला थोडी लाज वाटते.

त्या माणसाने आम्हा प्रत्येकीला एक जॅकेट घालून बघायला दिलं. "इम्पोर्टेड आहे. बुकिंग केलं की हे तुमचं." आणि तो फोन घ्यायला बाहेर गेला.

आता आम्ही सहा जणी, समोर टेबल, वर ट्यूबलाइट, हातात कापड. जॅकेटं आपोआप उलटी झाली. रेखाच्या पर्समध्ये स्टिकरची पट्टी होतीच.

तो परत आला तेव्हा टेबलावर सहा जॅकेटं घडी करून ठेवलेली, आणि त्यांवर एकोणतीस लाल स्टिकर.

"हे काय?"

"शिवण सुटलीय, चेन वाकडी, इथे भोक आहे," सिंधूबाई म्हणाल्या. "आणि भाऊ, कापड इम्पोर्टेड नाही. हा रोल आमच्या शेजारच्या गाळ्यात उतरतो."

बाहेर पडल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "जॅकेट असं, तर छत्री कशी असेल?"



*

पाचवी कंपनी मी नाकारली. कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तो माणूस फार हसत होता." सहावीच्या ऑफिसबाहेर पाटी नव्हती. सातवीच्या बाहेर तीन पाट्या होत्या. तीन पाट्या कशाला लागतात एका माणसाला?

एप्रिल संपत आला. एके दिवशी टेबलावर शोभाताई दुपारपर्यंत मान खाली घालून साड्या ओढत राहिल्या. मग त्यांनी एक लाल स्टिकर सोलला आणि स्वतःच्या पदरावर, खांद्यापाशी चिकटवला.

"शोभाताई, हे काय?"

"तुम्ही शोधत बसा फॉल्ट. एक जूननंतर मीच रिजेक्ट माल."

सिंधूबाईंनी हातातली साडी तशीच पुढे जाऊ दिली. तिच्यावर चांगला तळहाताएवढा डाग होता.

*

त्या रविवारी आम्ही बसने बारडोलीला गेलो. शोभाताईंच्या जावेने तिथल्या केतनभाईंचं नाव सांगितलं होतं. छोटं ऑफिस, भिंतीवर एकही फोटो नाही. केतनभाई पन्नाशीचे. हसत तर नव्हतेच, नीट बसाही म्हणाले नाहीत.

"नेपाळ. पोखरा. मतदान कार्ड दाखवा."

आम्ही सहा कार्डं ठेवली. त्यांनी एक बघितलं, दुसरं बघितलं. चष्मा लावला. मग सगळी ओळीने मांडली.

"आ शुं छे? पांचेयनो जन्म एक ज दिवसे? एक जून?"

रेखा सुरतेत जन्मलेली, तिची तारीख खरी होती. आम्ही बाकीच्या पाच जणी गावाकडच्या. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख आठवायची नाही, मग गुरुजी एक जून लिहून टाकायचे. आमच्या वयाच्या निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो!

सिंधूबाईंनी हे सगळं समजावून सांगितलं.

"पाच गावं वेगळी, तालुके वेगळे. सगळीकडे एकच गुरुजी होते?"

"नाही हो भाऊ, गुरुजी वेगळे. सवय एक!"

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी एकेकीला आत बोलावून गाव, शाळा, भावंडं विचारली. बाहेर बसलेलीला आतलीचं उत्तर ऐकू जाऊ नये म्हणून पंखा मोठा केला. मग आम्हाला जिना दोनदा चढायला लावला आणि वर उभं राहून कोणाला धाप लागते ते बघितलं. शोभाताईंना तर तिसऱ्यांदा चढवलं.

"गुडघे?"

"तुमच्यापेक्षा बरे!"

"औषधं?"

"एक बीपीची गोळी. सकाळी. विसरत नाही."

"डॉक्टरची चिठ्ठी आणा. मग बघू."

माणूस एवढा उद्धट, की मला वाटलं, आता सिंधूबाई उठतात. त्या उठल्याच. पण जिन्यावर थांबल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हाच."

"काय हाच?"

"बाकी सगळे आपल्याला माल दाखवत होते. या माणसाने आपल्यालाच टेबलावर घातलं. हा छत्रीसुद्धा तपासल्याशिवाय उघडणार नाही."

शोभाताईंनी दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठला.

*

केतनभाईंसोबत पोखराला पोचलो तेव्हा एक जूनला चार दिवस उरले होते. पहिले दोन दिवस ढग होते, कोणालाच उडवत नव्हते. शोभाताई पहाटेपासून खिडकीशी बसायच्या. आमच्यापैकी कोणी "होईल, होईल" म्हटलं, तर संशयाने बघायच्या.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. केतनभाई म्हणाले, "वीस मिनिटं उडवतील." शोभाताईंनी मनगटावरचं घड्याळ बघून घेतलं आणि पायलटसोबत जीपने डोंगरावर गेल्या. आम्ही पाच जणी खाली तळ्याकाठच्या मैदानात माना वर करून उभ्या राहिलो.

पिवळी छत्री निघाली. आधी ठिपका, मग हळूहळू दोन माणसं दिसायला लागली. सिंधूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. रेखा व्हिडिओ काढायचं विसरून गेली.

छत्री गोल फिरत फिरत आमच्यासमोर उतरली. दोघं चार पावलं धावले आणि थांबले. मागे सगळं पिवळं कापड गवतावर पसरलं. आम्ही पळत गेलो. पायलट मागून पट्टे सोडायला लागला, तर शोभाताईंनी त्याचा हात धरला. डोक्यावर हेल्मेट तसंच. घड्याळ त्याच्यापुढे धरलं.

"अठरा मिनट हुआ."

"आंटी, हवा कम हो गया था."

"बीस बोला था."

"अब कैसे उडाऊँ, आंटी? ऊपर से ही उडता है!"

"उडाना मत. मेरा दो मिनट बाकी है."

असं म्हणून त्या पट्ट्यांसकट गवतावर बसल्या. पायलट त्यांना मागून बांधलेलाच होता, त्यालाही बसावं लागलं. शोभाताई तळ्याकडे बघत होत्या. थोड्या वेळाने पायलटही बघायला लागला.

मी काहीतरी बोलणार होते, पण केतनभाईंनी हाताने मला थांबवलं. त्यांनी स्वतःचं घड्याळ समोर धरलं आणि दोन मिनिटं मोजायला सुरुवात केली.