हिवरखेडच्या धुऱ्यावरचे गवत

मार्गशीर्षात नगरहून निघालो तो भांडायलाच. चैत्रात हिवरखेडला कपाशीसाठी घेतलेले माझे शेत वाळत असल्याचा वाटेकऱ्याचा निरोप आला होता. विकणाऱ्या गणूजीने मला फसवले, याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

अकोल्यापर्यंत बैलगाडीने हाडे खिळखिळी केली. अमेरिकेत लढाई जुंपून तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबल्यापासून वऱ्हाडात ज्याला त्याला कापसाचे वेड लागले आहे. कुरणे नांगरली, झाडे तोडली, आणि आता बैलांना चारा नाही म्हणून रडतात. अकोल्याच्या बाजारात दोन शहाणे एका गाडीभर कडब्यासाठी एकमेकांची पागोटी ओढत होते. दोघांच्याही बोटांत सोन्याच्या अंगठ्या.

"अमरावतीले याहून मोठे शहाने भेटतात," गाडीवान अभिमानाने म्हणाला.

हिवरखेडला सातपुड्याच्या पायथ्याकडून जमीन उतरत येते. माझे वावर (शेत) वर, गणूजीचे त्याखाली. माझ्या वावरात पाऊल ठेवले आणि टाच भेगेत अडकून आडवाच झालो. पऱ्हाटी (कपाशी) गुडघ्याएवढी, बोंडे सुपारीएवढी. खाली गणूजीची पऱ्हाटी कमरेला लागत होती, हिरवीगार. तो आपल्या खालच्या धुऱ्यावर (बांधावर) बसून भाकर आणि ठेचा खात होता.

"या शेठजी. पडले काय? भाकर खाता?"

मी उठून त्याच्यापर्यंत खाली उतरलो. "भाकर राहू दे. नासकी जमीन विकलीस मला!"

"जमीन तेच हाय. दोन्ही तुकडे माह्याच बापाचे. पन तुमी धुरा साफ करून मांगतला."

मागितला होता, खरे. चैत्रात माझ्या वावराच्या खालच्या धुऱ्यावर वाळके, पिवळे पवन्या गवत माजले होते. त्याआड हा काहीतरी झाकतो आहे, असे मला वाटले. मृगात, पेरणीआधी, सगळे मुळासकट खणून फेकायचे, तेही त्याने स्वतः, अशी अट मी घातली आणि सौदा जिंकला म्हणून वाटभर मिशीला पीळ दिला होता.

"गवत ओल पिते," मी म्हणालो.

"पेते ना. धुऱ्याजवळची एक ओळ खुजीच राह्यते. पन सावनात धावतं पानी तेच अडवते, मुरवते, अन् त्याच ओलीवर पुन्हा वाढते. उन्हाळ्यात सोता वाळते, पन माती झाकून ठेवते. तुमच्या उघड्या वावरात पानी थांबन काहून?"

त्याने शेजारी बोट दाखवले. माझ्या धुऱ्यावरून खणलेले ठोंब त्याने आपल्या धुऱ्यावर लावले होते. त्यांच्या वरच्या अंगाला वीतभर गाळ साचला होता. माझ्या शेतातला! उकरून पाहिला. आत ओला, थंड.

"माझे गवत चोरलेस!"

"तुमीच फेकाले सांगतलं. म्या फेकलं नाई, लावलं."

"परत दे. काय घेशील?" सवयीने विचारले आणि मनात निम्मा आकडा धरूनही ठेवला.

तो हसला. "गवताचा कोनी भाव करते काय? मिरगात या, पायजे तेवढे ठोंब न्या. आता उपटलं त मरन."

"आणि माती?"

"ते नाई भेटनार."

मी बसून त्याची भाकर खाल्ली. ठेच्याने डोळ्यांत पाणी आले, ते बरे झाले.

नगरात व्यापारी विचारतात, वऱ्हाडात सौदा कसा झाला? मी भाव सांगतो, अट सांगत नाही. आता वैशाख चालू आहे. मृगाला अवकाश आहे आणि माझा धुरा उघडाच आहे. वऱ्हाडच्या बाजूला वळवाचा ढग दिसला की सगळे खूश होतात. मला मात्र माझी उरलेली माती गणूजीकडे निघालेली दिसते.