पुलावरची पहिली गाडी

लढाई संपून मी ब्रह्मदेशातून नागपूरला परतलो आणि सीताबर्डीवर मोटारी दुरुस्त करण्याच्या एका कारखान्यात लागलो. पलटणीत चार वर्षं लॉरी चालवली होती, त्यामुळे इंजिनाचं काम हाताला बसलं होतं. लागून दोन महिने झाले असतील, तेव्हा एका दुपारी भिवापूरचा एक म्हातारा मला विचारत आत आला. डोक्याला फेटा, हातात घडी घालून घालून फाटत आलेला सरकारी कागद. पलटणीतल्या माझ्या सोबत्याचा बाप. चेहरा इतका मिळताजुळता की ओळख द्यायची गरज पडली नाही.

"यात बेपत्ता लिवलं हाय," तो म्हणाला. "तू त्याच्यासंगं होता म्हणते. काय झालं गा?"

काय झालं ते मी काठावरून पाहिलं होतं. होड्या जोडून केलेल्या पुलावरून आमच्या लॉऱ्या नदीपार जायच्या होत्या. पहिली गाडी सोबती चालवत होता, आणि त्याच्या शेजारी मौद्याचा आमचा तिसरा गडी बसला होता. गाडी मध्यावर असताना विमान खाली आलं. गोळ्या काचेतून आत गेल्या. सोबती स्टिअरिंगच्या चक्रावर वाकला, त्याची मान एका बाजूला लोंबली आणि मग गाडी कठडा तोडून पाण्यात गेली. मौद्याच्या गड्याचं प्रेत खालच्या वळणावर मिळालं, गळ्यातल्या बिल्ल्यावरून ओळख पटली, घरी तार गेली. सोबत्याचं काही हाती लागलं नाही. कागदावर तो बेपत्ता झाला. माझी साक्ष कोणी घेतली नाही. चौकशी झाली तेव्हा मी तापाने इस्पितळात होतो, आणि बरा झाल्यावरही आपण होऊन कोणाकडे गेलो नाही.

म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी हातातला पाना पुसत राहिलो.

"मले नक्की माहीत नाही, बाबाजी," मी म्हणालो. "कैदेतले लोक अजून परत येऊनच राहिले."

त्याने माझा तेलकट हात दोन्ही हातांत धरला आणि कागद खिशात घालून निघून गेला.

माघात सोबत्याचा साळा आला. तरणा शेतकरी, बोलणं मोजकं. उभ्याउभ्याच म्हणाला, "माझी बहीण तीन वर्षांपासून सासरी बसली हाय. लग्नाले आठ महिने झाले अन् तो पलटणीत गेला. आमच्यात पाट लागते, बाईचं दुसरं लग्न होते. चांगलं ठिकाण आलं हाय. पण तिचा सासरा सोडत नाही. म्हणते, नागपूरच्या सोबत्यानं सांगितलं, पोरगा कैदेत हाय. तुम्हीच सांगितलं का असं?"

"कैदेत हाय असं नाही म्हटलं मी."

"मंग काय म्हटलं?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी मागून मी त्याच्याबरोबर इतवारी स्टेशनावरून भिवापूरच्या छोट्या रेल्वेत बसलो. मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि एकही पुरं होत नव्हतं.

घराच्या अंगणात मिरची वाळत घातली होती. पाय ठेवताच ठसका लागला. म्हाताऱ्याने मला पाहिलं, मग साळ्याला पाहिलं, आणि काय ते त्याला कळलं. तो झपाट्याने जवळ आला, मला कोपऱ्यात घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "जे मले सांगितलं तेच सांग. जास्त काही बोलू नोको."

तेवढ्यात सोबत्याची बायको दारात आली. वीस-एकवीस वर्षांची असेल. पदर नीट करून ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

"भाऊ, ते येणार हायत का नाही, तेवढंच सांगा."

म्हातारा माझ्या दंडाला धरून होता. त्याची बोटं रुतत होती.

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "मी माझ्या डोळ्यानं पायलं."

आणि मग पूल, विमान, पाणी, सगळं सांगितलं. दंडावरची पकड सुटली. ती रडली नाही. म्हणाली, "त्यायनं चिठ्ठीत लिवलं होतं, आपली गाडी सगळ्यायच्या मांगं असते, काळजी करू नोको. मंग समोर कसे गेले?"

हा प्रश्न कोणी विचारील असं मला वाटलं नव्हतं. साळाही आता माझ्याकडे बघायला लागला.

"पहिली गाडी माझी होती," मी म्हणालो. "मले ताप होता. तो म्हणाला, तू माझ्या गाडीत पडून राह्य गा, तुझी नेऊन मी परत येतो. मी हो म्हटलं."

ती आत गेली. भांडं पडल्याचा आवाज आला. साळा तिच्या मागे गेला.

म्हातारा अंगणात मिरचीच्या कडेला बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. मला वाटलं, तो उठून मारील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"तुले माहीत होतं," तो म्हणाला. "मंग त्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"तुमच्याकडे पाहून तोंड उघडलं नाही, बाबाजी."

"त्या दिवशी मी एकटा होतो. सांगितलं असतं तं रेल्वेत बसून रडून घेतलं असतं. आता या पोरीसमोर कसा रडू?"

त्याने मला जा म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. मी स्टेशनवर येऊन संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत बसलो.

पुढे साळ्याकडून कळलं की म्हाताऱ्याने दहा दिवस धरले, पिंड पाडले. चैत्र-वैशाखात सुनेचा पाट लागला. म्हातारा त्या पाटाला गेला नाही, पण तिला अडवलंही नाही. तिची पेटी मात्र स्वतः बैलगाडीत ठेवली. माझ्याशी तो पुन्हा कधी बोलला नाही.

भिवापूरहून आल्यानंतरच्या रविवारी मी मौद्याला गेलो. तिथे तारेने मृत्यूची नुसती बातमी गेली होती, आणि तिलाही दीड वर्ष झालं होतं. तरी आई, बाप, दोन भाऊ माझ्यासमोर येऊन बसले. मी तापापासून सुरुवात केली.